पण ढेकण्या कुठला?

गोव्यातल्या डिचोलीच्या एका ताईंनी फोटो पाठवून विचारलं आहे, ते थोडक्यात असं. मिरगाच्या पावसानंतर बाल्कांवातला (ओसरीवरचा) दिवा लावला की वास मारणारे किडे घरात शिरतात. परसातल्या भेंड्यांवर आणि तवशाच्या (काकडीच्या) वेलीवर तसलंच काहीतरी बसलेलं असतं. माहेरच्या, पेडण्याच्या शेतात गेल्या शरदात बरंच भात पळंज (पोकळ) निघालं. दारचा काजू दर वर्षी मोहरतो आणि मोहर जळल्यासारखा काळा पडतो. शेजारी म्हणतात, हे सगळं ढेकण्याचं काम. तर सगळीकडे चालेल असं एकच औषध सांगा. घरात लहान मूल आहे. दुकानातून एक बाटली आणून ठेवलीय, अजून उघडलेली नाही.

ताई, बाटली उघडली नाहीत ते उत्तम केलंत. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

एकच औषध मी सांगणार नाही, कारण किडा एक नाही. तुमचे फोटो मोठे करून पाहिले तर त्यांत सात प्रकारचे किडे निघाले. त्यातला एक तुमच्याच बाजूने लढणारा आहे. एक ढेकूणवर्गातला नाहीच. आणि सगळ्यांत जास्त पैशांचं नुकसान करणारा जो आहे त्याला आपल्या नाकाला जाणवेल असा वासच नाही. आधी शेतीखात्यातली नोकरी आणि नंतर स्वतःचं कुळागर (सुपारी-नारळाची बाग), अशी पस्तीसेक वर्षं मी या किड्यांमागे फिरतो आहे. ‘ढेकण्या’ या एका शब्दाने जेवढे घोळ घातले तेवढे किड्यांनी स्वतः घातले नसतील. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेत काजूवरचा तोही ढेकण्या, भातावरचा तोही ढेकण्या, आणि खाटेतला तो तर ढेकूण आहेच. शेतकरी दुकानात जाऊन ‘ढेकण्याचं औषध’ मागतो, दुकानदार हाताला लागेल ते देतो.

तेव्हा आधी ओळख. किडा काडीने उलटासुलटा करून पाहा, हाताने नको. पाठीवर पंखांच्या मधोमध त्रिकोण दिसला आणि पंखांची पातळ टोकं एकमेकांवर चढलेली दिसली, तर तो ढेकूणवर्गातला. पाठीवरून सरळ एकच रेघ खाली गेली असेल, कोटाची बटणं लावल्यासारखी, तर तो भुंगेरा. ढेकूण उलटा केला की तोंडापासून निघून छातीला चिकटवून ठेवलेली सोंड दिसते. सगळं प्रकरण त्या सोंडेत आहे. हे प्राणी पान कुरतडत नाहीत. सोंड आत खुपसतात, लाळ सोडतात आणि विरघळलेला रस ओढून घेतात. म्हणून अळीसाठी पानावर मारतात ती बीटीची (जिवाणूपासून केलेली) पूड किंवा कुठलंही निव्वळ पोटविष ढेकणावर वाया जातं. पानावर जे आहे ते त्याच्या पोटात जातच नाही. औषध मारायचंच झालं तर ते त्याच्या अंगावर पडलं पाहिजे, नाहीतर झाडाच्या रसातून त्याच्यापर्यंत पोचलं पाहिजे. अंगावर पडायला तो त्या वेळी तिथे हवा, आणि भर दुपारी तो बहुतेक वेळा नसतो.

आता वासाचं. मोठ्या किड्यात वासाच्या ग्रंथी खालच्या बाजूला, पायांच्या मुळाशी असतात. पिल्लांत त्या पाठीवर असतात. डिवचलं की त्यातून अल्डिहाईड जातीची तेलकट द्रव्यं बाहेर पडतात. त्यातली काही कोथिंबिरीतही आहेत, म्हणून पुष्कळांना हिरव्या ढेकणाचा वास शिळ्या कोथिंबिरीसारखा वाटतो. कोथिंबिरीच्या इंग्रजी नावाचं मूळ ढेकणाला असलेल्या ग्रीक शब्दात आहे असं सांगतात, ते उगाच नाही. हा वास पक्षी-पालींना दूर ठेवण्यासाठी आहे. त्याने पिकाचं काही बिघडत नाही, घराचंही नाही. वासाचा राग काढायला म्हणून विष फवारू नका.

तुमच्या दिव्याखालच्या ढिगात तीन प्रकार आहेत. मुगाएवढे काळे चकचकीत ते जमिनीत राहणारे ढेकूण. मुळांचा रस पितात, पहिले पाऊस पडून जमीन भिजली की उडून दिव्यावर येतात. घरात ते वाढत नाहीत, चावत नाहीत, तांदळाच्या डब्यात जात नाहीत. काही रात्रींचा खेळ असतो. दुसरे हिरवे, ते परसातून आलेले. त्यांच्याबद्दल पुढे. तिसरा काळपट तपकिरी लांबट, पाठीवर सरळ रेघ असलेला, तो भुंगेरा. जवळपास रबराची लागवड असेल तर हे तिथले पाहुणे. रबराच्या पानगळीत वाढतात आणि पावसाची चाहूल लागली की कौलांखाली, वाशांच्या फटीत शेकड्यांनी येऊन निजतात. केरळात यांच्यामुळे लोकांनी घरं सोडल्याच्या गोष्टी आहेत. यांचा स्राव अंगाला लागला तर कातडी भाजल्यासारखी होते, म्हणून मुलाच्या अंथरुणावर पडला तर चिरडू नका, कागदावर घेऊन टाका.

घरातला उपाय सोपा आहे, म्हणून त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. बाहेरचा पांढरा दिवा काढून पिवळसर उबदार प्रकाशाचा लावा. किडे निळसर-पांढऱ्या उजेडाकडे जास्त ओढले जातात. पावसाच्या पहिल्या आठवड्यांत संध्याकाळी दिवेलागणीपासून साधारण साडेनऊपर्यंत बाल्कांवातला दिवा बंदच ठेवता आला तर निम्मं काम तिथेच होतं. नाहीच जमलं तर घरापासून वीस-पंचवीस पावलांवर एक पांढरा दिवा टांगा आणि त्याखाली साबणाच्या पाण्याचं पसरट घमेलं ठेवा. मात्र तो भाजीच्या वाफ्याजवळ नको, नाहीतर घरातलं संकट परसात नेऊन सोडाल. खिडक्यांना बारीक जाळी, दाराखाली कापडाची सुरळी. मंगळुरी कौलांच्या घराला सगळ्या फटी बुजवायच्या म्हटलं तर जन्म जाईल, त्या नादाला लागू नका.

आलेले किडे केरसुणीने सुपलीत घेऊन साबणाच्या पाण्यात टाका. नुसत्या पाण्यावर ते तरंगतात आणि काठावर चढतात. साबणाने पाण्याचा ताण मोडतो, पाणी त्यांच्या श्वासाच्या छिद्रांत शिरतं आणि ते बुडतात. हाताला वास लागला तर आधी थोडं खोबरेल चोळा, मग साबण. तो वास तेलात विरघळणारा असल्याने नुसत्या पाण्याने जात नाही. डोळ्यात उडालं तर भरपूर पाण्याने धुवा, आणि चुरचुर थांबली नाही तर डॉक्टरांकडे जा. घरात, विशेषतः मूल निजतं त्या खोलीत, किड्यांचा फवारा मारायचा नाही. दिव्यावर येणारा किडा तुमच्या भिंतीवर राहत नसतो. आजचे मेले तरी उद्या नवे येणारच.

तुम्ही लिहिलंय की मोबाईलवर वाचून तुम्ही ऑक्टोबरात पोटमाळ्याच्या फटी बुजवल्या आणि एक सापळाही मागवणार होतात. तो सल्ला खोटा नाही, पण दुसऱ्या किड्याचा आहे. चीन, जपान, कोरियाकडचा एक तपकिरी ठिपकेदार ढेकूण १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउन गावाजवळ पोचला आणि तिथून सफरचंदाच्या बागांत आणि घरांत घुसला. तिकडे बर्फ पडतो, म्हणून तो शरदात घरांच्या भिंतींत हजारोंनी शिरून हिवाळा काढतो. आपल्याकडे त्याला पळून जावं लागेल अशी थंडीच नाही. तो सापळाही त्याच जातीला भुलवायला बनवलेला आहे. पैसे वाचवा.

आता परस. भेंडीवरचा हिरवा, ढालीच्या आकाराचा, बोटाच्या नखाएवढा तो हिरवा ढेकूण. जगभर उष्ण प्रदेशात आहे, आणि भेंडी, टोमॅटो, अळसांदे (चवळी), वाल, तूर काहीही त्याला चालतं. त्यातही शेंगा जास्त. कोवळ्या भेंडीत सोंड खुपसली की ती बाजू वाढत नाही, फळ वाकडं होतं. टोमॅटोवर सालीखाली पांढरट कापसासारखे डाग पडतात. अळसांद्याचे दाणे शेंगेतच सुरकुततात. बाकी वाकडी भेंडी खायला काही वाईट नसते. सात शिरांच्या भेंड्याला बाजारात चांगला भाव मिळतो म्हणून विकणाऱ्याला ती सलते, घरच्या खतखत्याला चालून जाते.

लोक फसतात ते याच्या पिल्लांत. ती हिरवी नसतात. काळी, वर पांढरे-तांबडे ठिपके, एखाद्या गोंडस भुंगेऱ्यासारखी. मादी पानाच्या खालच्या बाजूला तीस-चाळीसपासून शंभरावर अंडी अगदी रांगेत, मधमाशीच्या पोळ्यासारखी चिकटवते. त्यातून निघालेली पिल्लं पहिली कात टाकेपर्यंत तिथेच गोळा होऊन बसतात आणि काही खात नाहीत. हे दोन-तीन दिवस तुमचे. तेवढं एक पान खुडलं की पुढचे साठ-सत्तर किडे गेले. एकदा ती पांगली की एकेक शोधत बसावं लागतं. म्हणून दर तीन दिवसांनी सकाळी भेंडीची पानं उलटी करून पाहणं, हेच परसातलं मुख्य औषध. पाच-दहा झाडांना दहा मिनिटं लागतात.

मोठे किडे पकडायची वेळ सकाळी सातच्या आत, दव असताना. तेव्हा ते सुस्त असतात. धोका वाटला की त्यांना खाली पडायची सवय आहे, तिचाच फायदा घ्या. साबणाच्या पाण्याचा डबा पानाखाली धरून फांदीला टिचकी मारा, ते आपणहून डब्यात पडतात. तवशावरचा लाल-काळा मोठा तो वेलवर्गाचा ढेकूण. तो कळपाने वेलीच्या बुंध्याशी किंवा वाळक्या पानाखाली बसतो, त्यालाही हाच डबा. चवथीच्या माटोळीला (गणपतीवर टांगायच्या फळांच्या मांडणीला) तवशी लागणार म्हणून वेल जपता ना, मग बुंध्याचं गवत आणि पिकली पानं काढत राहा. लपायला जागा नसली की तो निघून जातो.

पिल्लं पांगून फार झाली तर निंबोळी. पाच टक्क्यांचा अर्क, म्हणजे १० लिटर पाण्याला अर्धा किलो निंबोळीची पूड रात्रभर भिजवून, गाळून, थोडा साबण घालून. आपल्याकडे कडुनिंब फारसा रुजत नाही, तेव्हा घाटावरून निंबोळी आणण्यापेक्षा तयार कडुनिंबाचं औषध घेतलं तरी चालेल. यातून एक गोष्ट पक्की समजून घ्या. कडुनिंब मोठ्या किड्याला मारत नाही. पिल्लांची भूक मारतो आणि कात टाकणं बिघडवतो. ‘मारलं आणि काहीच झालं नाही’ म्हणणारे लोक मोठ्या हिरव्या किड्यांवर मारून दुसऱ्या दिवशी मोजायला जातात. शिवाय आपला पाऊस. फवारणीनंतर तासाभरात सर आली तर मेहनत वाहून गेली. जागा असेल तर वाफ्याच्या कडेला अळसांद्याची किंवा तागाची एक ओळ लावा. हिरवा ढेकूण भेंडीआधी तिकडे जातो, आणि तुम्हाला मारायला एकच ओळ उरते. मात्र मारायचं विसरलात तर तुम्ही त्याचा पाळणाघर चालवलात असं होईल.

आता तुमच्या दुसऱ्या फोटोत पानाच्या कडेला जो तपकिरी, खांद्यांना काट्यासारखी टोकं असलेला आहे तो. तुम्ही त्याच्याभोवती लाल गोल काढून ‘हाच तो’ असं लिहिलंत. नीट पाहा, त्याच्या सोंडेच्या टोकाला एक अळी लोंबते आहे. हा शिकारी ढेकूण. रस पिणाऱ्यांची सोंड बारीक आणि छातीला चिकटलेली, याची जाड आणि पुढे काढता येणारी. पान खाणाऱ्या अळ्या, केसाळ सुरवंट हे याचं अन्न.

याच्याबाबतीत मी स्वतः शेण खाल्लेलं आहे. नोकरीच्या तिसऱ्या का चौथ्या वर्षी सत्तरी तालुक्यात एका शेतकऱ्याच्या वालाच्या मळ्यात हे काटेखांदे किडे शेकड्यांनी होते. मी ऐटीत सांगितलं, ढेकण्या पडलाय, उद्याच फवारा. फवारलं. ते सगळे मेले, आणि पंधरा दिवसांत अळीने वालाला पान ठेवलं नाही. शेतकरी मला काही बोलला नाही. उलट पुढच्या खेपेला चहा दिला. तो चहा मला अजून गिळवत नाही. तेव्हापासून खिशात भिंग असतं.

भाताकडे येतो, कारण तुमच्या माहेरचं खरं नुकसान तिथे आहे. भातावरचा गंधी ढेकण्या ढालीसारखा नसतो. बारीक, लांबुडका, पोपटी-तपकिरी, लांब पायांचा, दीडेक सेंटिमीटरचा. शेतात शिरताना वारा तुमच्याकडे असेल तर दिसण्याआधी वास येतो. हा लोंबीवर येतो तो नेमक्या वेळी. फुलोरा संपून दाण्यात दूध भरायला लागलं की. साळीच्या दोन तुसांच्या सांध्यातून सोंड घालतो आणि दूध ओढतो. लवकर ओढलं तर दाणा पोकळ राहतो, ते तुमचं पळंज. उशिरा ओढलं तर दाणा भरतो पण डागाळतो, त्या छिद्रातून बुरशी शिरते आणि भरडताना तांदूळ तुटतो. दाणा पिठाळ होऊन घट्ट झाला की याचं काम संपलं. म्हणजे लढाई सगळी मिळून दोनेक आठवड्यांची आहे. त्याआधी मारलेलं औषध फुकट, त्यानंतर मारलेलं अजून फुकट. लोंब्या पिवळ्या पडल्यावर पळंज दिसतं आणि लोक तेव्हा पंप काढतात, हे मी दर वर्षी पाहतो.

सगळं पळंज याचंच असंही नाही. फुलोऱ्यात धो धो पाऊस लागला तर परागसिंचन होत नाही आणि दाणा तसाच राहतो. खोडकिड्याने पोखरलं तर अख्खी लोंबी पांढरी, ताठ उभी राहते आणि ओढली की सहज सुटून येते. गंधी ढेकण्याच्या लोंबीत पोकळ आणि भरलेले दाणे मिसळलेले असतात, आणि पोकळ दाण्यावर तपकिरी ठिपका असतो. तुमच्या फोटोत ठिपके आहेत, म्हणून मी त्याला धरतो आहे. पण शेतात उभं राहून पाहिल्याशिवाय सगळा दोष त्याचाच असं म्हणणार नाही.

तो येतो कुठून? बांधावरून. भात नसतं तेव्हा तो गवतांच्या तुऱ्यांवर जगतो. बांधावरची आणि शेतातली पाखड-बार्डीसारखी तणं फुलायच्या आत कापणं हा पहिला उपाय. दुसरा उपाय एकट्याच्या हातात नाही. एका कोंडातली (सलग पट्ट्यातली) सगळी शेतं साधारण एकाच वेळी लावली गेली पाहिजेत. सगळीकडे एकदम दूध भरलं तर किडा पांगतो, प्रत्येकाच्या वाट्याला थोडा येतो. ज्याचं भात सगळ्यांच्या आधी किंवा सगळ्यांच्या मागून लोंबतं त्याच्याकडे आख्ख्या गावाचे ढेकूण जेवायला येतात. पेडण्याला तुमच्या भावाने गेल्या वर्षी रोप वाहून गेल्यामुळे दुबार लावणी केली असं तुम्ही सहज लिहून गेलात. माझ्या मते पळंजाचं निम्मं कारण त्या एका वाक्यात आहे. आजकाल निम्मी शेतं पडीक, त्यांत गवत कमरेएवढं, आणि मधोमध एकाचं भात, हे तर ढेकणाला आमंत्रणच. वायंगणात (पावसाळ्यानंतरच्या भातात) पाणी धरून मोजकीच शेतं होतात, तिथेही हेच.

मोजायचं कसं? सकाळी नऊच्या आत किंवा ऊन उतरल्यावर शेतात तिरपं चालत जा आणि वीस ठिकाणी एकेक चूड (रोपांचा झुपका) पाहा. दर चुडामागे सरासरी एक किंवा जास्त ढेकूण असले तरच औषधाचा विचार. कमी असले तर हातजाळीने झोडून गोळा करा. जुनी युक्ती अजून चालते. कुजकी कुर्ली (खेकडा) किंवा सुक्या मासळीची डोकी फडक्यात बांधून काठीवर लोंबीच्या उंचीला टांगा. कुजणाऱ्या मांसाच्या वासाने गंधी ढेकण्या तिथे जमतो. सकाळी जाऊन साबणाच्या पाण्यात झटकायचं. ईशान्य भारतातले शेतकरीही हेच करतात. शेजारी नाक मुरडतील, पण पीक तुमचं आहे.

पूर्वी आम्हीच मिथाईल पॅराथिऑनची भुकटी सांगायचो. गावोगावी फडक्याच्या पुरचुंडीतून ती धुरळली जायची, उघड्या हाताने. ती आणि कार्बारिल हे दुसरं कीटकनाशक, दोन्हींवर ऑगस्ट २०१८ मध्ये देशभर बंदी आली. घरात जुनी पिशवी असेल तर वापरू नका. आज कुठलं औषध भातावरच्या ढेकण्यासाठी नोंदलेलं आहे ते तुमच्या विभागीय कृषी कार्यालयात विचारा, आणि डब्यावर भात आणि ढेकण्या ही दोन्ही नावं छापलेली आहेत का ते स्वतः वाचा. मारायचं झालं तर संध्याकाळी, आणि कडेकडून आत. तो कडेवरूनच शिरतो, पुष्कळदा चार-पाच मीटरची कड फवारून भागतं. खाजनात (खाडीलगतच्या बांध घातलेल्या शेतात) तर आणखी जपा. तिथलं पाणी मानशीतून (बांधाच्या झडपेतून) खाडीत जातं, आणि त्यात कोळंबी-मासळी आहे.

काजू. यावरचा ढेकण्या म्हणजे टी मॉस्किटो बग, चहाच्या मळ्यांमुळे पडलेलं नाव. तो मच्छर नाही आणि ढालीचा ढेकूणही नाही. बारीक, लांब पायांचा, तांबूस-काळा, आणि पाठीवर टाचणी टोचून ठेवल्यासारखा एक उभा काटा. तो काटा दिसला की ओळख पक्की. वास नाही, गर्दी नाही, माणूस जवळ गेला की पानामागे सरकतो. म्हणून लोक त्याला कधी पाहतच नाहीत आणि ‘धुक्याने मोहर जळला’ म्हणतात. लाळ इतकी विषारी की जिथे टोचेल तिथे काळा चट्टा. कोवळी पालवी, मोहराच्या दांड्या, कोवळी बी, तिन्हींवर तो जातो. मोहराच्या दांडीवर चट्टे जुळले की अख्खा मोहर वाळतो. अंडी तो कोवळ्या दांडीच्या आत घालतो, वरून शोधून सापडणार नाहीत. म्हणजे परसातली पान उलटून पाहायची युक्ती इथे चालत नाही.

वेळापत्रक मात्र ठरलेलं आहे. पाऊस गेला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात पालवी, मग मोहर, मग बी धरणं. नजर ठेवायची ती पालवीपासून. मोहर काळा पडल्यावर धावणं म्हणजे उशीर. मी दहा-दहा कोवळ्या फांद्या चारही दिशांनी पाहतो. एखाददुसरीवर ताजे चट्टे असले तर नुसता थांबतो. वाढताना दिसले तर लॅम्डा सायहॅलोथ्रिन ५ टक्के ईसी (पाण्यात मिसळायचं द्रवरूप कीटकनाशक), लिटर पाण्याला ०.६ मिली. हे प्रमाण कोकणपट्टीत बरीच वर्षं चालत आलं आहे. तेच औषध लागोपाठ नाही. आणि ऐन फुलात असताना सकाळी तर मुळीच नाही, मधमाशी आणि इतर किडे तेव्हा कामावर असतात. तुमचं दारचं एकच झाड, त्यासाठी मी पंप काढणार नाही.

त्या झाडावर हुमले सोडा. हो, तेच चावरे लाल, पानं शिवून घरटं करणारे. हुमल्यांचा राबता असलेल्या काजूवर हा ढेकण्या टिकत नाही. हे आपल्याकडेच नव्हे, ऑस्ट्रेलिया आणि आफ्रिकेतल्या काजूबागांतही पाहिलेलं आहे. आंब्यावर लोक हुमल्यांना शिव्या देतात, कारण आंबा झाडावर चढून काढावा लागतो. गोव्यातला काजू मात्र आपण पडलेला बोंडू वेचून घेतो. झाडावर चढायचंच नाही तर चावणार कुणाला? शेजारच्या झाडावरचं भरलेलं घरटं संध्याकाळी फांदीसकट कापून पिशवीत आणायचं, काजूच्या बेचक्यात बांधायचं. दुसऱ्या झाडाशी सुंभाने जोडून दिलं की त्यांची ये-जा सुरू होते. वेगवेगळ्या वसाहतींची घरटी एका झाडावर आणू नका, भांडून मरतात. तोटाही सांगतो. हुमले पिठ्या ढेकणाला गाईसारखं पाळतात, त्याचा गोड रस पितात. थोडा पिठ्या वाढेल, तो मोहर जळण्यापेक्षा परवडतो. आणि हो, काजूजवळ कीड पळवायला म्हणून कडुनिंब लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. हा ढेकण्या कडुनिंबावरही आनंदाने जगतो, पेरूवरही.

काजूच्या याच किड्यापायी केरळात कासरगोडच्या टेकड्यांवर वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरने एन्डोसल्फान हे कीटकनाशक फवारलं गेलं. त्या गावांतल्या मुलांचं काय झालं ते देशाने पाहिलं, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बंद केलं. आपल्या काजूच्या टेकड्यांवरूनही ओहोळ खाली गावात येतात, म्हणून हे मनात असू दे.

कुळागरवाल्यांसाठी एवढंच: कोवळी सुपारी गळते तेव्हा गळलेली फळं उचलून टोपीखालचा भाग पाहा. सुईने टोचल्यासारखा काळा ठिपका असेल तर तिथेही एक ढेकूण आहे, त्या अमेरिकेतल्याचा चुलतभाऊ. ठिपका नसेल तर कोळेरोग (फळकूज) किंवा पाण्याचा ताण शोधा. काजूवर कधी लाल-पिवळा, उलटा धरला तर मिशीवाल्या माणसाच्या तोंडासारखा दिसणारा मोठा ढेकूण दिसतो. त्याचे फोटो लोक एकमेकांना पाठवत असतात. थोडे असतील तर फोटो काढा आणि सोडून द्या.

आता बाटली. लेबलाचा फोटो पाहिला. डायक्लोरव्हॉस आहे. ३१ डिसेंबर २०२० नंतर हे आपल्या देशात वापरायलाच बंदी आहे, तेव्हा तुम्हाला कुणीतरी जुना माल खपवला. याची वाफच श्वासातून अंगात जाते, आणि मूल असलेल्या घरात हे उघडायचं नाही. नाल्यात, विहिरीजवळ, शौचालयात ओतू नका. घट्ट बंद, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, मुलाच्या हाताला लागणार नाही असं उंचावर ठेवा आणि कृषी कार्यालयात नेऊन विचारा.

आणि त्या भेंडीच्या पानावरची अंडी. फोटोत पंधरा-वीस पिवळसर आहेत आणि बाकीची काळी. तुम्ही लिहिलंय, ‘सडलेली आहेत, जाळून टाकू का?’ जाळू नका. पिल्लू निघायला आलेलं अंडं गुलाबी-नारिंगी होतं. काळं झालेलं अंडं म्हणजे त्यात मुंगीपेक्षाही बारीक गांधीलमाशीने आपलं अंडं घातलं आहे, आणि आत ढेकणाऐवजी तीच वाढते आहे. पान तसंच जॅमच्या बाटलीत ठेवा, तोंडाला दाट विणीचं सुती फडकं बांधा, उन्हात ठेवू नका. काही दिवसांत तळाशी काळे-पांढरे ठिपकेदार पिल्लांचं गोळकं दिसलं तर ते काडीने साबणाच्या पाण्यात टाका. काचेवर मिलिमीटरभराचे काळे ठिपके चालताना दिसले की बाटली भेंडीच्या वाफ्यात नेऊन फडकं सोडा.